आधी रुग्णाजवळ बसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विश्वस्त मंडळाने मला आज दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कापडाचा व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे, तेही बेतास बात गुणांनी. गुणवंतांसमोर काय बोलावे? परंतु सत्कारार्थींची यादी माझ्या हाती आली आणि विषय आपोआप मिळाला. दहावीत उत्तम यश मिळविलेल्या मुला-मुलींना आपण अर्जात एक प्रश्न विचारला होता, पुढे काय व्हायचे आहे? निम्म्याहून अधिक जणांनी लिहिले आहे, डॉक्टर. मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. आनंदाचे कारण सांगायला नको. भीतीचे कारण मात्र सांगितले पाहिजे.

माझे बोलणे दुकानापासून सुरू होते, त्याला इलाज नाही. बी.कॉम.चा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवा शर्ट घालून दुकानात गेलो. मनात होते की आता बाबूजी मला गादीवर बसवतील, निदान हिशेबाची वही तरी हाती देतील. बाबूजींनी माझ्या हाती गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या ताग्यांचा ढीग दिला. म्हणाले, आधी घडी घालायला शीक, भाव सांगणे नंतर. दोन वर्षे मी घड्या घातल्या. त्या दोन वर्षांत मला पॉपलीन आणि केंब्रिक डोळे मिटून ओळखता येऊ लागले, पन्हा नजरेने कळू लागला, आणि घ्यायला आलेले गिऱ्हाईक कोणते व नुसते बघायला आलेले कोणते, तेही समजू लागले. मुख्य म्हणजे दुपारी दोन ते चार या वेळात, जेव्हा रस्त्यावर कुत्रेही फिरकत नाही, तेव्हा दुकानात बसणे आपल्याला सहन होते की नाही, हे मला स्वतःविषयी कळले. ते कळले म्हणूनच मी टिकलो.

आता पाहा. शंभर रुपयांचे कापड विकणाऱ्या मुलाला आम्ही दोन वर्षे घड्या घालायला लावतो, आणि माणसाच्या जिवाशी ज्याचा संबंध येणार आहे त्या मुलाला एकदाही वॉर्डात न नेता थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात उभे करतो.

हे मी इतरांना उद्देशून बोलत नाही. हे मी स्वतः केले आहे. माझा धाकटा मुलगा समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याची संमती घेऊनच पुढचे सांगतो.

तो अभ्यासात हुशार होता. बारावीनंतर २००७ साली त्याला दुसऱ्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला. आमच्या घराण्यात तोवर कोणी डॉक्टर झालेला नव्हता. मी मुख्य रस्त्यावरच्या साऱ्या दुकानांत पेढे वाटले. पहिले वर्ष उत्तम गेले. शरीररचनाशास्त्रात त्याला चांगले गुण मिळाले. शवविच्छेदनाच्या दालनाची मुलांना भीती वाटते म्हणतात, त्याला वाटली नाही. त्या काळच्या अभ्यासक्रमात पहिले वर्ष जवळजवळ सर्वस्वी पुस्तक, प्रयोगशाळा आणि विच्छेदन यांतच जात असे. जिवंत रुग्ण भेटत असे तो दुसऱ्या वर्षी.

दुसऱ्या वर्षी वॉर्ड सुरू झाला आणि मुलाचे फोन कमी झाले. दिवाळीला घरी आला तेव्हा वजन उतरलेले होते. ताटावर बसला की उठून जाई. भाऊबिजेच्या रात्री त्याने मला सांगितले, "पप्पा, प्रेताची मला भीती वाटत नाही. ते बोलत नाही. पण भाजलेली बाई माझा हात धरून रडते, तेव्हा मला तेथून पळून जावेसे वाटते. रोज वाटते. मला हे जमणार नाही."

मी त्याला काय उत्तर दिले असेल? मी फीचा आकडा सांगितला. पेढे वाटले होते त्याची आठवण दिली. सवय होईल म्हणालो. कित्येकांना सवय होतेही, हे खरे आहे. त्याला झाली नाही. आणखी काही महिने ओढून त्याने शिक्षण सोडले. त्यानंतरचे वर्ष आमच्या घरात कसे गेले, ते येथे सांगत नाही. आज तो माझ्याबरोबर व्यवसाय पाहतो, माझ्यापेक्षा चांगला पाहतो, आणि सुखी आहे. परंतु दोन गोष्टी माझ्या मनातून गेलेल्या नाहीत. एक म्हणजे, त्याच्या आयुष्यातील ती वर्षे मी वाचवू शकलो असतो. सोळाव्या वर्षी तीन आठवडे त्याला एखाद्या रुग्णालयात बसविले असते तर हे त्याला तेव्हाच कळले असते, आणि पळून जावेसे वाटण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हेही कळले असते. दुसरी गोष्ट अधिक बोचते. ती जागा त्या वर्षी दुसऱ्या कोणाची तरी होती. माझ्या मुलाच्या खालोखाल गुण असलेले, कदाचित आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेले एखादे मूल त्या वर्षी बाहेर राहिले. त्याचे नाव मला कधीच कळणार नाही.

आपल्या देशातील प्रवेशाची पद्धत अशी आहे की या प्रश्नाला त्यात जागाच नाही. नीट ही परीक्षा प्रथम २०१३ साली झाली, मध्ये न्यायालयात अडकली, आणि २०१६ पासून देशभर लागू झाली. २०२५ च्या परीक्षेचे स्वरूप पाहा. तीन तासांत १८० प्रश्न. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५, जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा, एकूण ७२०. वीस लाखांहून अधिक मुले बसली. त्या १८० प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता की, बाळा, तू कधी आजारी माणसाजवळ बसला आहेस का? मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही. वर्षाच्या ३१ डिसेंबरला सतरा वर्षे पूर्ण झालेली असली आणि गुण मिळाले की झाले.

परदेशात पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत आधी पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, आणि तिच्या जोडीला रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव, डॉक्टरांची पत्रे व मुलाखत असे सारे पाहिले जाते. माझ्या चुलत पुतण्याची मुलगी न्यू जर्सीत राहते. तिकडे गावोगावी स्वयंसेवकांची प्रथमोपचार पथके असतात. ही मुलगी शनिवारी रात्री रुग्णवाहिकेवर जाते. किती तास भरले म्हणजे पुरे, असे मी तिला फोनवर विचारले. ती हसून म्हणाली, "आजोबा, तसा आकडा ठरलेला नसतो. प्रत्येक कॉलेजचे वेगळे. मुलाखतीत तास मोजत नाहीत, काय पाहिले आणि त्यातून काय कळले ते विचारतात." ब्रिटनमध्येही प्रवेशापूर्वी असा अनुभव अपेक्षित असतो, आणि तो रुग्णालयातलाच हवा असे नाही. वृद्धाश्रमातील किंवा अपंगांच्या सेवेतील अनुभवही तितकाच मानला जातो.

मग आपल्याकडेही अनुभवाला गुण द्यावेत काय? माझे मत विचाराल तर मुळीच नाही. ज्या दिवशी सेवेच्या प्रमाणपत्राला दहा गुण मिळतील, त्या दिवशी प्रमाणपत्रांचे दुकान उघडेल. बाजारात चाळीस वर्षे काढली आहेत, तेवढे मला समजते. शिवाय डॉक्टरांच्या मुलांना हा अनुभव घरबसल्या मिळेल आणि सुरगाणा-पेठच्या मुलाने तो आणायचा कोठून? परदेशातही हा आक्षेप घेतला जातोच. म्हणून सरकारकडे माझे काही मागणे नाही. नीटमध्ये या अनुभवाने एकही गुण वाढणार नाही, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे. हा अनुभव परीक्षकाला दाखविण्यासाठी नसून स्वतःला तपासण्यासाठी आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार पूर्वी कोणी केलाच नाही असे मात्र नाही. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथे प्रवेशासाठी स्वतंत्र परीक्षा असे आणि तीत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचारांचीही एक प्रश्नपत्रिका असे. नीट सक्तीची झाल्यावर ती परीक्षा बंद झाली. परंतु प्रवेशानंतर मुलांनी पंधरा दिवस आश्रमात राहायचे, श्रमदान करायचे, खादी वापरायची, आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेऊन तेथील घरांशी नाते जोडायचे, अशी तेथली परंपरा आहे. (खादीबद्दल ऐकले तेव्हा आम्हा मिलच्या कापडवाल्यांना क्षणभर वाईट वाटले, ते सोडून द्या.) रुग्ण कसल्या घरातून येतो, तो कोणते पाणी पितो, कोठे झोपतो, हे आधी पाहा, त्याचा आजार नंतर, असा त्यामागचा विचार मला दिसतो.

अलीकडे शासकीय पातळीवरही या उणिवेची जाणीव झालेली दिसते. २०१९ साली एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात आरंभीच सुमारे महिनाभराचा पायाभूत वर्ग आणि पहिल्या वर्षापासून रुग्णाची ओळख यांचा समावेश झाला. पुढे विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवावे, असा कार्यक्रमही आला. आपल्या नाशिकला तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, १९९८ सालापासूनचे, मुख्यालयच आहे. राज्यभरच्या मुलांच्या पदव्यांवर आपल्या गावाचे नाव छापले जाते. या सुधारणा माझ्या मुलाच्या वेळी असत्या तर त्याला दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागली नसती. पण त्याही प्रवेशानंतरच्याच. फी भरल्यानंतरच्या, पेढे वाटल्यानंतरच्या. त्याआधीचे काम घराने आणि समाजानेच करायचे आहे.

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सारे जाणतो. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्यानंतर १८८३ साली त्या समुद्र ओलांडून अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. प्रवेशापूर्वीचा अनुभव म्हणतात तो त्यांच्यापाशी होता, आणि तो खाटेच्या दुसऱ्या बाजूचा होता. असा अनुभव कोणाच्याही वाट्याला येऊ नये. पण घरात आजोबा अंथरुणाला खिळलेले असतात आणि बारावीच्या मुलाला मात्र आपण त्या खोलीत फिरकू देत नाही, त्याचा अभ्यास बुडेल म्हणून! ज्याला डॉक्टर व्हायचे आहे त्याला आपण घरातल्या एकमेव रुग्णापासून दूर ठेवतो. आपल्याकडे आजारी साधू-साध्वींची वैयावच्च करण्याची रीत आहे आणि शास्त्राने तिला सहा अभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. ती कोण करतो? बहुधा साठीच्या पुढची मंडळी. मुले क्लासला गेलेली असतात.

आता माझ्या नातीविषयी, म्हणजे मुलीच्या मुलीविषयी, थोडे सांगतो. दहावीनंतर तिनेही डॉक्टर व्हायचे म्हटले. या वेळी मी पेढे आणले नाहीत. ट्रस्टच्या दवाखान्यातील डॉक्टरसाहेबांना भेटलो आणि तिला सुट्टीत केसपेपरच्या टेबलाशी बसू देण्याची विनंती केली. त्यांनी अटी घातल्या. रुग्णाला हात लावायचा नाही, सुई व ड्रेसिंगच्या वस्तूंपासून दूर राहायचे, मोबाईल घरी ठेवायचा, रुग्णाचे नाव आणि आजार बाहेर कोठेही बोलायचा नाही, अगदी आईजवळही नाही. पायांत बंद बूट. काविळीची लस घेतलेली असावी. आणि रुग्णाने नको म्हटले तर मुकाट्याने बाहेर जायचे. सर्व अटी मला योग्य वाटल्या. सोळा वर्षांच्या मुलीने तेथे उपचार करायचेच नव्हते. पाहायचे होते आणि पडेल ते साधे काम करायचे होते.

पहिल्याच दिवशी मधुमेहाने चिघळलेल्या पायाचे ड्रेसिंग तिने दारातून पाहिले आणि चक्कर येऊन खाली बसली. तेथल्या सिस्टरबाईंनी तिला साखरपाणी दिले. त्या म्हणाल्या, "बेटा, मीही पडले होते पहिल्या दिवशी. उद्या यायचे की नाही, ते रात्री ठरव." घरी आली, जेवली नाही, आणि सकाळी साडेआठला तयार होऊन माझ्यासमोर उभी राहिली. "नानाजी, सोडायला येता ना?" मी काही बोललो नाही. स्कूटर काढली.

तिसऱ्या आठवड्यात पेठ तालुक्यातून एक आजी आल्या. त्यांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र होत्या. केसपेपर लिहिताना नातीने सहज विचारले, आजी, या कधी घेता? आजी म्हणाल्या, "पोरी, चक्कर येते त्या दिवशी घेते. बाकीच्या दिवशी कशाला वाया घालवू?" त्या रक्तदाबाच्या रोज घ्यायच्या गोळ्या होत्या. नातीने ते डॉक्टरसाहेबांना जाऊन सांगितले. पुढचे काम त्यांनी केले. पण त्या रात्री ही मुलगी मला, अर्थात आजींचे नाव न सांगता, म्हणाली, "नानाजी, औषध बरोबर होते, आजार बरोबर ओळखला होता, तरी आजी बऱ्या होत नव्हत्या. हे पुस्तकात कोठे असते?"

तिच्याबरोबर आपल्या समाजातील एक मुलगाही तेथे येत असे. दहा दिवसांनी त्याने सांगितले की रुग्णांशी बोलायला मला आवडत नाही, पण औषधांच्या कपाटाशी वेळ कसा जातो ते कळत नाही. तो आता फार्मसीकडे जाणार आहे. त्याचे वडील काही दिवस माझ्यावर रागावले होते. आता रागावलेले नाहीत. त्या मुलाचा अनुभव वाया गेला असे कोणी म्हणू नये, माझ्या दृष्टीने तोच सर्वांत यशस्वी ठरला.

मग अनुभव किती असावा? हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात आणि तासांत उत्तर मागतात. मला जे दिसले ते सांगतो. पहिले तीन-चार दिवस नवलाईचे असतात. मुलाला पांढऱ्या कोटाचे, स्टेथोस्कोपचे अप्रूप असते. पुढचा आठवडा किळस आणि भीतीचा. वास, रक्त, रडणे, ओरडणे. बरेच पालक येथेच मुलाला परत नेतात आणि झाले पाहून म्हणतात. परंतु खरी पारख त्यानंतर होते, जेव्हा भीतीही जाते आणि कंटाळा येतो. तीच खोकल्याची तक्रार, तीच रांग, तेच गुडघे, तीच भांडणे. माझ्या दुपारच्या दोन ते चारसारखे. त्या कंटाळ्यातही समोरच्या सत्तराव्या माणसाला नीट बसा म्हणावेसे वाटते का, हे मुलाने स्वतःशी पाहावे. तेवढा काळ मिळाला म्हणजे अनुभव पुरेसा. आमच्या पाहण्यात त्याला निदान तीन आठवडे लागतात. एका दिवसाची भेट देऊन फोटो काढल्याने ते होत नाही.

आणि वेळ कोणती, तर दहावीची परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी. अकरावी-बारावीत मूल क्लासच्या चरकात सापडलेले असते, तेव्हा हे शक्य होत नाही. शिवाय कॉलेज रोड-गंगापूर रोडवरील क्लासची दोन वर्षांची फी भरण्याच्या आधी हे पाहून घेतलेले बरे. फी भरली की माणूस सत्य ऐकायला तयार नसतो. मी नव्हतो.

येथे एक सूचना करतो. विश्वस्त मंडळाशी माझे याविषयी बोलणे झाले आहे आणि अध्यक्ष महोदयांनी मान्यता दिली आहे. येत्या उन्हाळ्यापासून आपल्या दवाखान्यात एका वेळी चार मुले, प्रत्येकी तीन आठवडे, अशी सोय करण्यात येईल. मुले कोणत्याही समाजाची असोत. पालकांचे संमतीपत्र लागेल. प्रमाणपत्र दिले जाणार नाही, हे मी मुद्दाम आग्रहाने ठरवून घेतले आहे. जे प्रमाणपत्रासाठी येणार असतील त्यांनी आपला वेळ वाचवावा. मुलाने रोज रात्री एका वहीत आज काय पाहिले ते लिहायचे, नावे न लिहिता, आणि शेवटच्या दिवशी डॉक्टरसाहेबांजवळ अर्धा तास बसून बोलायचे. वह्यांचा खर्च माझ्या दुकानाकडे. मुलांना न्यायला-आणायला व सकाळी त्यांची हजेरी पाहायला कोणीतरी मोठे माणूस हवे होते. ते काम माझ्या धाकट्या मुलाने स्वतःहून मागून घेतले आहे. तो म्हणाला, ज्याला पळून जावेसे वाटेल त्याच्याशी बोलायला माझ्यासारखाच कोणीतरी तेथे असू द्या.

नावनोंदणीची वही ट्रस्टच्या कार्यालयात ठेवली आहे. कार्यालय सकाळी दहा ते बारा उघडे असते.  माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.